नगरसेवकाने पक्ष बदलला? मग आधी हे तपासा

फोटो सकाळी मोबाइलवर येतो. गळ्यात नवे उपरणे, हातात पुष्पगुच्छ, मागे नेत्याचा फलक आणि खाली ‘प्रभागाच्या विकासासाठी’ अशी ओळ. कट्ट्यावर दोन दिवस चर्चा रंगते, मग पाणी कमी दाबाने येते आणि विषय बदलतो. काही कामे मात्र याच दोन दिवसांत करून ठेवावी लागतात, कारण नंतर पुरावे गायब होतात आणि मुदती निघून जातात. पुढची माहिती महाराष्ट्रातल्या महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी आहे. पक्ष कोणताही असो, गणित तेच.

निवडून कसा आला, ते आधी पाहा

पहिला प्रश्न तो कुठे गेला हा नाही. तो कोणत्या नात्याने निवडून आला, हे आधी बघायचे. कायदा त्यावर चालतो.

पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला विद्यमान सदस्य असेल, तर महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ लागू होतो. अनेक जण तक्रारीत संविधानाच्या दहाव्या अनुसूचीचा हवाला देतात आणि तिथेच फसतात. ती अनुसूची १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आली आणि ती खासदार-आमदारांपुरती आहे. नगरसेवकासाठी राज्याचा हा स्वतंत्र कायदा आहे. दोन्हींची भाषा बरीचशी सारखी असल्याने आमदारांच्या खटल्यांतली तत्त्वे इथेही उपयोगी पडतात, पण अर्जात कायद्याचे नाव बरोबर हवे.

अपक्ष म्हणून निवडून आलेल्याचा नियम जास्त कडक आहे. निवडणुकीनंतर त्याने एखाद्या पक्षात प्रवेश केला की तो अपात्र ठरू शकतो. त्याच्यासाठी दोन-तृतीयांशची पळवाट (पक्षाच्या तितक्या सदस्यांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन होणे) नाही. म्हणूनच मुरलेला अपक्ष कधी ‘प्रवेश’ करत नाही, तो ‘पाठिंबा’ देतो. व्यासपीठावर बसतो, भाषण करतो, उपरणे मात्र हातात धरतो. बातमीत ‘प्रवेश’ लिहिले आहे की ‘पाठिंबा’, इथे फरक त्या एका शब्दाचा असतो.

ग्रामपंचायत सदस्याला हा कायदा लागत नाही, कारण ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होतच नाहीत. ‘आमच्या पक्षाचे इतके सरपंच’ हे निकालादिवशीचे आकडे ज्याचे त्याने मोजलेले असतात. सगळेच पक्ष एकाच वेळी पहिल्या क्रमांकावर येतात ते त्यामुळे.

उरले माजी नगरसेवक. यांच्यावर कोणताच पक्षांतरबंदी कायदा चालत नाही, कारण जायला पदच नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि पुढचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची. राज्यातल्या इतर अनेक संस्थांतही तेच चित्र होते. त्या काळात जे घाऊक पक्षप्रवेश झाले ते बहुतेक माजींचे होते, आणि कायद्याच्या नजरेत ते साध्या नागरिकाने पक्ष बदलण्यासारखेच होते. निवडणुका लांबल्या की पक्षांतराला असे मोकळे रान मिळते.

दोन-तृतीयांशचा हिशेब

गट फुटला की पहिली बातमी येते ती ‘इतके नगरसेवक गेले’ अशी. त्या आकड्याला एकट्याने अर्थ नसतो. भागाकार करावा लागतो.

विलीनीकरणाचे संरक्षण मिळण्यासाठी त्या सभागृहातल्या त्या पक्षाच्या किमान दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते. संख्या धरायची ती त्या सभागृहातल्या पक्षाच्या सदस्यांची. सभागृहाची एकूण संख्या नाही आणि जिल्ह्यातल्या पक्षाची ताकदही नाही. अपूर्णांक आला की वरचा पूर्णांक घ्या. ३ जणांच्या गटात २ पुरतात. ७ मध्ये ५ लागतात, ११ मध्ये ८, १५ मध्ये १०, २० मध्ये १४.

मुंबईचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०१७च्या निकालात २२७ जागांपैकी शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ मिळाल्या. दोघांत जेमतेम दोन जागांचे अंतर, त्यामुळे एकेका नगरसेवकाला भाव. मनसेचे ७ नगरसेवक होते. त्यांतले ६ ऑक्टोबर २०१७ मध्ये शिवसेनेत गेले. पाच पुरले असते, सहा गेले, एक राहिला. गोव्यातल्या काँग्रेस आमदारांच्या बाबतीत तर गणित नेमके काठावर जुळवलेले दिसते: २०१९ मध्ये १५ पैकी १० गेले, २०२२ मध्ये ११ पैकी ८. कायदा दहावी अनुसूची, पण भागाकार हाच.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. छोटा गट फोडणे स्वस्त पडते. २० जणांच्या गटातून १४ जमवायला महिने जातात आणि तोवर बातमी फुटते. ३ जणांच्या गटातले २ एका संध्याकाळी हलतात. दोन-तीन नगरसेवकांच्या पक्षांवर निकालाच्या रात्रीपासून डोळा असतो, तो यासाठी.

चुका बहुतेक छेदाच्या आकड्यात होतात. एखाद्या सदस्याचे निधन झाले असेल, राजीनामा किंवा पोटनिवडणूक झाली असेल, तर निकालाच्या दिवशीचा आकडा आता चालत नाही. गटातला कोणी मुळात पुरस्कृत अपक्ष असेल तर तो पक्षाच्या संख्येत मोजला आहे का, तेही बघा. त्यासाठी वर्तमानपत्रापेक्षा गटनोंदणीचा कागद मागा. निकालानंतर प्रत्येक पक्ष किंवा आघाडी आपल्या सदस्यांची यादी आणि गटनेत्याचे नाव अधिकृतपणे नोंदवते. महापालिकेची नोंद विभागीय आयुक्तांकडे होते, नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेची जिल्हाधिकाऱ्यांकडे. ही यादी हाती असल्याशिवाय भागाकार करू नका.

पुरावा: फोटो, तारीख, व्हिप

सदस्य अपात्र ठरतो तो दोन मार्गांनी. त्याने स्वेच्छेने पक्ष सोडला, किंवा पक्षादेश (व्हिप) मोडून मतदान केले वा गैरहजर राहिला.

पहिल्या मार्गासाठी लेखी राजीनामा लागतोच असे नाही. रवी नाईक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले की वागण्यावरूनही पक्ष सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. म्हणून पक्षप्रवेशाच्या दिवशीच हे गोळा करा: कार्यक्रमाचे पूर्ण चित्रण (कापलेली तीस सेकंदांची फीत नव्हे), त्या सदस्याच्या स्वतःच्या खात्यावरच्या पोस्ट, पक्षाचे प्रसिद्धिपत्रक, दुसऱ्या दिवशीच्या किमान दोन वर्तमानपत्रांचे मूळ अंक. मोबाइलमधून घेतलेल्या चित्रणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ६३चे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते न जोडल्यामुळे चांगला पुरावा बाजूला पडतो. पोस्ट तर हमखास काढून टाकल्या जातात, आणि नोटीस आली की ‘मी फक्त विकासकामांवर चर्चा करायला गेलो होतो’ हे उत्तर ठरलेले.

दुसऱ्या मार्गात व्हिप लागतो, आणि प्रकरणे पडतात ती इथेच. व्हिप कोणी काढला, त्याला तो काढायचा अधिकार होता का, सदस्याला मतदानापूर्वी मिळाला का, हे तिन्ही सिद्ध व्हावे लागते. महापौर किंवा सभापतिपदाच्या निवडणुकीआधी नगरसेवक ‘सहली’वर असतात, फोन बंद असतात, घराला कुलूप असते. अशा वेळी जाणता गटनेता व्हिप दारावर चिकटवून पंचनामा करतो, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो आणि सभागृहाच्या दारात पुन्हा हातात द्यायचा प्रयत्न करतो, साक्षीदारासह. नवखा गटनेता व्हॉट्सॲपवर टाकून मोकळा होतो. शिवाय पक्षाने १५ दिवसांच्या आत ते मतदान माफ केले तर विषयच संपतो. पडद्यामागे तडजोड झाली की नाही, ते या पंधरवड्यातच कळते.

अर्ज कुठे करायचा? महापालिकेच्या सदस्याबाबत विभागीय आयुक्तांकडे. नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे. महापालिका आयुक्तांकडे दिलेला अर्ज चुकीच्या टेबलावर पडतो. प्रत्यक्षात असे अर्ज गटनेता किंवा त्याच सभागृहातला दुसरा सदस्य करतो. मतदाराने आपले पुरावे त्याच्याकडे सोपवावेत आणि पोच घ्यावी. गटनेताच उपरणे घालून बसला असेल, तर मूळ पक्षाच्या शहर किंवा जिल्हाध्यक्षाकडे लेखी मागणी करावी. मागणी केल्याची तारीख नोंदवली जाते हेही कमी नाही, कारण पुढे ‘आम्हाला कोणी कळवलेच नाही’ म्हणायला जागा राहत नाही.

निकाल कधी लागेल, याची आशा माफक ठेवा. आमदारांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये साधारण तीन महिन्यांची मुदत सुचवली, तरी तिथे काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची, आणि तारखा पडत गेल्या की ती संपायला वेळ लागत नाही. मतदारांनी नगरसेवकाला परत बोलावण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात नाही. त्यामुळे ‘राजीनामा द्या’ अशा मोर्च्यात सगळी ताकद घालवू नका. ती पुढच्या कामासाठी राखा.

खरे नुकसान कुठे होते

एक नगरसेवक इकडून तिकडे गेल्याने रस्ता खराब होत नाही. नुकसान होते ते समित्यांत, आणि ते हळूहळू होते.

एक हिशेब मांडून पाहू. ८० सदस्यांची महापालिका, स्थायी समितीत १६ जागा. समितीवरच्या जागा पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात वाटल्या जातात, म्हणजे साधारण ५ सदस्यांमागे एक. पक्ष अ ४५, पक्ष ब २०, पक्ष क १५. वाटप ९, ४ आणि ३. विरोधकांचे ७ जण समितीत आहेत, एखाद्या निविदेवर प्रश्न विचारायला आणि विरोध नोंदवायला पुरेसे. आता ब मधले १४ अ मध्ये गेले, दोन-तृतीयांश बरोबर भरले. अ ५९, ब ६, क १५. नवे वाटप १२, १ आणि ३. विरोधक ७ वरून ४ वर. त्यातला ब चा एकटा आजारी पडला किंवा ‘मॅनेज’ झाला की समितीत प्रश्न विचारणारा एकच पक्ष उरतो.

हे लगेच दिसत नाही. मुंबईबाहेरच्या महापालिकांत स्थायी समितीचे निम्मे सदस्य दर वर्षी निवृत्त होतात. पक्षांतराचा परिणाम त्या ८ जागा भरताना उतरतो. मार्चमधल्या पक्षप्रवेशाची किंमत पुढच्या वर्षीच्या निविदांत मोजावी लागते, आणि तोवर तो फोटो कोणाच्या लक्षातही नसतो. मुंबईची स्थायी समिती मोठी आहे आणि तिचा कायदा १८८८चा वेगळा, पण प्रमाणाचे तत्त्व तिथेही चालते.

दुसरी जागा विरोधी पक्षनेत्याची. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला हे पद मिळते. दालन आणि गाडी यांच्यापेक्षा सभागृहात बोलायला मिळणारा मान महत्त्वाचा. २०१७ मध्ये मुंबईत ८२ जागांच्या भाजपने ‘पहारेकरी’ म्हणवून घेत हे पद नाकारले आणि ३१ जागांच्या काँग्रेसला ते मिळाले. २०२० मध्ये भाजपने त्यावर दावा केला तेव्हा न्यायालयात तो टिकला नाही. सोडलेली जागा पुन्हा मिळत नाही, हे त्यातून सगळ्याच पक्षांनी शिकायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट वरच्या पातळीची. बेकायदा ठराव रोखण्याचे अधिकार कायद्यात आहेत. नगरपरिषदेचा ठराव जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली तहकूब करू शकतात, महापालिकेचा ठराव राज्य सरकार कलम ४५१ खाली. पण पालिका, जिल्हा परिषद आणि राज्य सरकार एकाच पक्षाच्या हाती असले की तक्रार फिरून त्याच दारात येते. ‘वरपासून खालपर्यंत एकच सत्ता असली की निधी येतो’ हे प्रचारातले वाक्य आहे. निधी येतोही. मात्र तो कुठे गेला हे विचारणारा त्या साखळीत कोणी राहत नाही. सिक्कीममध्ये २०२४च्या निकालात ३२ पैकी ३१ जागा एका पक्षाला मिळाल्या, आणि विरोधातला एकमेव आमदारही काही आठवड्यांत त्याच पक्षात गेला. नागालँडमध्ये तर २०२१ मध्ये सगळे पक्ष मिळून विरोधकांविना सरकार झाले.

विषयपत्रिका कशी वाचायची

सभागृहात कोणी विचारणारा नसेल, तर ते काम बाहेरून करावे लागते. कंटाळवाणे आहे, पण जमते. दोघे-तिघे मिळून महिन्याला चार तास दिले तरी पुरे.

सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आणि मागच्या सभेचे इतिवृत्त, ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवा. पहिल्यांदा ‘ऐनवेळचे विषय’ मोजा. विषयपत्रिकेत १२ विषय आणि इतिवृत्तात ३५ ठराव असतील, तर २३ विषय सदस्यांनी आधी वाचलेलेच नाहीत. मग प्रत्येक ठरावाखाली सूचक-अनुमोदक कोण ते पाहा. तीच दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा येतात आणि बाकीचे हात वर करतात. विरोध किंवा उपसूचना कुठे नोंदली आहे का? वर्षभराच्या इतिवृत्तांत ‘सर्वानुमते मंजूर’ सोडून दुसरे काही नसेल, तर सभागृहात विरोधक कागदावरच आहेत, त्यांची संख्या कितीही असो.

निविदांत पाच खुणा शोधा. निविदा किती आल्या. एकच आली असेल तर फेरनिविदा काढली का. मंजूर दर अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के जादा. जुन्याच ठेकेदाराला मुदतवाढ कितव्यांदा. आणि एकाच रस्त्याचे तुकडे पाडून, ई-निविदेच्या मर्यादेच्या जरासे खाली राहतील अशी कामे केली आहेत का. शेवटची खूण ओळखायला सोपी असते. ‘अमुक चौक ते तमुक मंदिर’, ‘तमुक मंदिर ते शाळा’, ‘शाळा ते नाला’ अशी तीन कामे एकाच सभेत येतात, रकमा जवळपास सारख्या आणि ठेकेदार एकच.

पक्ष बदललेल्या सदस्यासाठी एक वेगळी तपासणी करा. प्रवेशाआधीच्या सहा महिन्यांत त्याने कोणत्या विषयांना विरोध केला होता आणि नंतरच्या सहा महिन्यांत त्याच विषयांवर काय केले, याचा एका पानाचा तक्ता. पुढच्या निवडणुकीत हे पान भाषणांपेक्षा जास्त काम करते. चार सदस्यांचा प्रभाग असेल तर चौघांचाही तक्ता करा. त्यातला एक गेला म्हणून बाकीचे तिघे तुमचे प्रतिनिधी नाहीत असे होत नाही, आणि त्यांना विचारले की ‘ते त्यांच्याकडे आहे’ म्हणून हात झटकण्याची सोय राहत नाही.

इतिवृत्त संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये, झेरॉक्स पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. मजकूर एवढाच पुरतो:

‘दि. … ते दि. … या कालावधीतील सर्वसाधारण सभांच्या विषयपत्रिका, ऐनवेळच्या विषयांची यादी आणि कायम झालेली इतिवृत्ते यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’

यात ‘का मंजूर केले’, ‘कोण जबाबदार’ असले प्रश्न घालू नका. अभिलेखात असेल तेच मिळते, आणि मत मागणारा अर्ज फेटाळायला आयते कारण सापडते. स्थायी समितीच्या इतिवृत्तांसाठी वेगळा अर्ज करा, नाहीतर ‘एकापेक्षा जास्त विषय’ म्हणून परत येतो. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. बहुतेक लोक इथे थकतात, आणि कार्यालयाला ते माहीत असते.

अर्जापेक्षा जलद मार्गही आहे. २०१८च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना परिपत्रकाची प्रत बरोबर ठेवा, कारण खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही. नस्ती (फाइल) पाहताना पानांचे क्रमांक लिहून घ्या आणि मग तेवढ्याच पानांच्या प्रती मागा. तीनशे पानांचे सहाशे रुपये वाचतात आणि हवे ते नेमके हाती येते.

निवडणुकीच्या तोंडावर

अर्ज मागे घेण्याच्या मुदतीचा दिवस मतदानाइतकाच महत्त्वाचा. एकाच दुपारी तीन पक्षांचे उमेदवार माघार घेतात आणि जागा ‘बिनविरोध’ होते. बिनविरोध झाली की मतदान नाही, म्हणजे नोटाचे बटणही नाही. त्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर दोन माणसे असावीत, कोण कोणाच्या गाडीतून उतरले एवढे पाहायला. माघार घेण्यासाठी दबाव किंवा पैसे दिल्याची खात्रीलायक माहिती असेल तर त्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. निकालानंतरच्या तक्रारीला सांगितले जाते की निवडणूक याचिका दाखल करा, आणि तो खर्च वेगळा.

उमेदवाराचे शपथपत्र मागच्या वेळच्या शपथपत्राशी ताडून पाहा. मालमत्ता, कर्जे, गुन्हे, आणि पतीच्या किंवा पत्नीच्या नावावरचे व्यवसाय. मधल्या काळात पक्ष बदलला असेल तर त्या तारखेच्या आसपास प्रलंबित गुन्ह्यांच्या रकान्यात काय झाले, ते मुद्दाम वाचा.

दारावर आलेल्या उमेदवाराला ‘पक्ष बदलणार का’ असे विचारू नका. सगळे नाही म्हणतात. विचारायचे ते असे: गटनोंदणीत तुमचे नाव कोणत्या गटात असेल? निवडून आलात तर सभेचे इतिवृत्त दर महिन्याला प्रभागाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकाल का? पहिल्या प्रश्नावर जो चाचरतो, त्याची वही वेगळी करा. दुसऱ्याला हो म्हणाला तर तारीख विचारा आणि त्याच्यासमोर लिहून घ्या.